पॅडवरचा कर, कागदाची पुडी आणि दारात थांबून विचारलेले प्रश्न

ठाण्यात नौपाड्याला माझं छोटं ऑफिस आहे. मेडिकलवाले, किराणावाले आणि दोन-तीन बचत गट यांची जीएसटीची रिटर्न भरणं हा माझा धंदा. कामाचं बोलणं टेबलावर होतं. सॅनिटरी पॅडबद्दलचा प्रश्न मात्र नेहमी दारात येतो, चपला घालताना, एक नजर बाहेर ठेवून. अलीकडे तेच व्हॉट्सअॅपवर येतं, बहुतेकदा रात्री अकरानंतर. तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळले, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहिलं आहे. दर सांगितले आहेत ते २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले त्यानंतरचे.

१. पॅडवर आता टॅक्स आहे की नाही? एका शब्दात सांगा.

नाही. २७ जुलै २०१८पासून सॅनिटरी पॅड आणि टॅम्पॉन यांवर जीएसटी शून्य आहे. देशभर एकच दर असल्यामुळे ठाण्यात घ्या, वाशीत घ्या किंवा गावी जाताना वाटेत घ्या, फरक नाही. "सप्टेंबर २०२५मध्ये पॅड स्वस्त झाले" असा मेसेज फिरतो तो चुकीचा. तेव्हा बाकी बरंच स्वस्त झालं, पण पॅड सात वर्षं आधीच शून्यावर होते.

२. आई अजून "सेल्स टॅक्स" म्हणते. जीएसटीच्या आधी किती होता?

आई फारशी चुकत नाही. जुलै २०१७पूर्वी पॅडवर केंद्राचं ६ टक्के उत्पादन शुल्क आणि ५ टक्के व्हॅट होता. मधल्या साखळीत दडलेले कर धरले तर एकूण बोजा १३.६८ टक्के व्हायचा. हा आकडा अर्थ मंत्रालयाने जुलै २०१७च्या खुलाशात स्वतःच दिला होता. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि पॅड १२ टक्क्यांत बसले. सरकारचं म्हणणं, आम्ही तर कर कमीच केला.

हिशेब म्हणून ते बरोबर होतं. बायका चिडल्या त्या दरपत्रकाची पुढची ओळ वाचून. कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या शून्यावर. म्हणजे कपाळावरचं लाल करमुक्त. नोव्हेंबर २०१७मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही हेच विचारलं होतं की टिकली, कुंकू, काजळ यांना सूट आणि पॅडला नाही, ते का.

३. मग तो काढला कोणी? एका बाईने केस केली म्हणून गेला असं ऐकलं.

एकीमुळे नाही. जीएसटीचे दर ठरायच्या आधीच, एप्रिल २०१७मध्ये मुंबईच्या 'शी सेज' संस्थेने 'लहू का लगान' ही मोहीम काढली होती. खासदार सुश्मिता देव यांनी सह्या गोळा केल्या. दिल्ली उच्च न्यायालयात एका विद्यार्थिनीची याचिका होती. या सगळ्याचा रेटा वर्षभर चालला आणि २१ जुलै २०१८ला जीएसटी परिषदेच्या २८व्या बैठकीत पॅडवरचा कर काढला गेला. तेव्हा अर्थ खातं तात्पुरतं पीयूष गोयल यांच्याकडे होतं.

त्या दिवशी सूट मिळालेल्यांची यादी मी प्रिंट काढून ठेवली आहे. त्यात राख्या होत्या, पत्रावळींची सालची पानं होती, द्रोण होते. आणि दगडाच्या, संगमरवराच्या, लाकडाच्या देवांच्या मूर्तीही होत्या. देव आणि पॅड एकाच कागदावर करमुक्त झाले. ज्या घरात चार दिवस देवघराकडे फिरकायचं नाही, त्या घरातल्या एका बाईंना मी तो कागद दाखवला. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "सासूबाईंना नको हो दाखवायला."

४. कर १२ टक्के गेला, पण पाकीट १२ टक्क्यांनी स्वस्त झालं नाही. पैसे कोणी खाल्ले?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, त्यामुळे जरा निवांत सांगते.

समजा, एका पाकिटाची करापूर्वीची किंमत १०० रुपये आहे आणि त्यात ५० रुपयांचा कच्चा माल आहे: ओल शोषणारा पॉलिमर, प्लॅस्टिकची फिल्म, गोंद. या मालावर कारखानदाराने १८ टक्क्यांनी ९ रुपये कर भरला. पॅडवर १२ टक्के कर होता तेव्हा तो तुमच्याकडून १२ रुपये घ्यायचा, त्यातून स्वतः भरलेले ९ वजा करायचा आणि ३ रुपये सरकारला द्यायचा. तुम्हाला पाकीट ११२ला.

पॅड करमुक्त झाल्यावर तुमच्याकडून काही घ्यायचं नाही, हे खरं. पण करमुक्त मालासाठी कच्च्या मालावरच्या कराची वजावट मिळत नाही. ते ९ रुपये आता त्याच्या खर्चात जातात. पाकीट १०९. कर बाराचा गेला आणि किंमत उतरली तीनने.

आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्येक कंपनीचा कच्च्या मालाचा वाटा वेगळा. पण यंत्रणा हीच. अर्थ मंत्रालयाने २०१७मध्ये शून्य दर नको म्हणताना हेच कारण पुढे केलं होतं. शिवाय एक भीती होती. बाहेरचा देश निर्यातीवर आपला कर परत देतो, म्हणजे परदेशी पॅड करविना येणार आणि इथल्याच्या पोटात कर अडकलेला राहणार.

तरी कर काढला ते योग्यच झालं असं माझं मत. मात्र "पॅडवर कर नाही" हे वाक्य अर्धं खरं आहे. बिलात कर नाही, पाकिटात आहे.

५. मग कच्च्या मालाचाही कर परत देऊन टाकायचा. त्यात काय अडचण?

त्याला जीएसटीच्या भाषेत झीरो रेटेड म्हणतात आणि आपल्या कायद्यात ती सोय निर्यात व सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) यांच्यापुरतीच आहे. शून्य दर आणि झीरो रेटेड ही नावं जुळी वाटतात, पण एकीत वजावट बुडते आणि दुसरीत परत मिळते. ब्रिटनने १ जानेवारी २०२१पासून पॅड खऱ्या अर्थाने झीरो रेटेड केले. केनियाने विक्रीवरचा कर २००४मध्येच काढला होता, त्यामुळे "भारत जगात पहिला" हा फॉरवर्डही पुसून टाका. टांझानियाची गोष्ट वाईट आहे. २०१८मध्ये कर काढला, दुकानात भाव उतरले नाहीत, आणि पुढच्या वर्षी सरकारने तेच कारण देऊन कर परत लावला.

६. माझं मेडिकल आहे. जुलै २०१८ला माझ्याकडे जुना माल होता तेव्हा मला दुप्पट भुर्दंड का पडला?

दुप्पट नाही, पण पडला. माल पूर्ण करमुक्त झाला की त्या दिवशी शिल्लक असलेल्या स्टॉकवर आधी घेतलेली वजावट उलटवावी लागते. कळव्याच्या माझ्या एका मेडिकलवाल्याकडे तेव्हा चाळीसेक पाकिटं होती, शेल्फच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, डेटॉलच्या मागे. आम्ही दोघांनी जमिनीवर बसून मोजली. वजावट उलटवली, म्हणजे तो कर त्याच्या खिशातून गेला, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी "आता कमी करा" म्हणत हजर. म्हणून तेव्हा भाव लगेच उतरलेले दिसले नाहीत.

२७ जुलैनंतर ज्यांच्या सॉफ्टवेअरने चुकून १२ टक्के लावले, त्यांना ते ठेवता येत नव्हते. कर म्हणून घेतलेला पैसा सरकारजमाच करावा लागतो, लागू असो वा नसो.

७. दुकानदार एमआरपीच्या वर "जीएसटी वेगळा" म्हणतो. द्यावा का?

देऊ नका. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत. हे फक्त पॅडला नाही, पाकीटबंद सगळ्याच मालाला लागू. ऐकलं नाही तर बिल मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करा. पण बहुतेकदा "बिल द्या" एवढं म्हटलं की वेगळा जीएसटी आपोआप विरघळतो.

८. ॲपवरून मागवलं तर बिलात जीएसटी दिसतो. तुम्ही तर नाही म्हणता.

बिल खालपर्यंत वाचा. तो कर पॅडवर नसतो, घरी आणून देण्याच्या आणि हाताळणीच्या शुल्कावर असतो. ती सेवा आहे, तिच्यावर १८ टक्के. घोडबंदरच्या एका ताईंनी मला स्क्रीनशॉट पाठवला होता. पॅडच्या ओळीसमोर शून्य, आणि कर काही रुपये, सगळा डिलिव्हरीचा. त्यांनी तरी ॲपच चालू ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "दारात पिशवी ठेवून जातो, तोंड दाखवावं लागत नाही." म्हणजे ते चार रुपये कशाचे हे त्यांना नीट माहीत होतं.

९. मेन्स्ट्रुअल कप, कापडी पॅड, पिरियड पँटी, सगळंच करमुक्त आहे ना?

सगळं नाही. सूट देणाऱ्या नोंदीत नावं दोनच आहेत: सॅनिटरी टॉवेल म्हणजे पॅड किंवा नॅपकिन, आणि टॅम्पॉन. एचएसएन कोड, म्हणजे करासाठी मालाला दिलेले क्रमांक, ९६१९००१० आणि ९६१९००२०. कापडी असला तरी पॅड हा पॅडच, त्यामुळे धुऊन वापरायचा पॅड या नोंदीत येतो. कपाचं नाव नोंदीत नाही. पिरियड पँटी बरेच विक्रेते कपडे म्हणून विकतात. घेण्यापूर्वी बिलावरचा एचएसएन बघा, तोच खरं सांगतो. जाहिरातीतलं "टॅक्स फ्री" नाही.

मला हे उरफाटं वाटतं. जो कप वर्षानुवर्षं चालतो आणि कचरा करत नाही, त्याला नावानिशी सूट नको होती का? पण तेव्हाच्या मोहिमेत कपाचं नाव घेणारं फार कोणी नव्हतं.

१०. बाळाचे डायपर आणि आजोबांचे डायपरही याच कोडखाली येतात म्हणे. त्यांना सूट?

मोठा कोड एकच, ९६१९, पण आतले उपकोड वेगळे. बाळाचे आणि मोठ्यांचे डायपर १२ टक्क्यांवर होते, २२ सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के. शून्य नाही. पाळीच्या दुखण्याच्या गोळ्यांचंही तसंच, बहुतेक औषधं १२वरून ५वर आली.

११. मेडिकलवाला न सांगता कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत का घालतो? कायदा आहे का?

कसला कायदा! सवय आहे. उलट कायदा होता तो पिशवीच्या विरोधात. महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी २३ जून २०१८ला सुरू झाली आणि साधारण महिन्याभराने, २७ जुलैला, पॅड करमुक्त झाले. म्हणजे त्या पावसाळ्यात पॅडवरचे दोन जुने सोबती एकदमच सुटायला हवे होते, कर आणि काळी पिशवी. कर सुटला. पिशवीच्या जागी वर्तमानपत्र आलं.

त्या दिवसांत मी राम मारुती रोडवर एका मेडिकलमध्ये उभी होते. पिशव्या उचललेल्या. पुढे कॉलेजची मुलगी, पॅड मागितलेले. दुकानदाराने पाकीट हातात घेतलं आणि खरोखर अडकला; इकडे बघतो, तिकडे बघतो, कुठे लपवू. शेवटी कालच्या पेपरचं क्रीडा पान काढलं, पाकिटाला चारी बाजूंनी घातलं आणि त्यावर सेलोटेप. तोवर मागे पाच जणांची रांग. नुसतं दिलं असतं तर कोणाचं लक्षही गेलं नसतं. माझ्या आधी एकाने दाढीचं ब्लेड नेलं होतं, ते तसंच खिशात घालून.

"नको, असंच द्या" म्हटलं तर चालतं. दुकानदाराला वाईट वाटत नाही, त्याचा कागद वाचतो. पहिल्यांदा म्हणताना घसा सुकतो हे मात्र खरं. माझा बेचाळिसाव्या वर्षी सुकला होता, आणि मी त्या दुकानाची रिटर्न भरते.

१२. काउंटरवर पुरुष असेल तर काय म्हणून मागायचं?

"पॅड द्या." दोन शब्द, तीन अक्षरं. माझ्या आजीकडे "कावळा शिवला" होतं, आईकडे "अडचण", आमच्या पिढीत "प्रॉब्लेम", आणि दुकानात सगळ्याच कंपन्यांना मिळून "व्हिस्पर". मुलीकडे आता "पिरियड्स" आहे. शब्द बदलत गेले, आवाज मात्र तेवढाच खाली राहिला. आकार आणि संख्या आधी ठरवून जा, "एक्सएल, पंधराचं". नेमकं मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार नेमकं देतो. आपणच घुटमळलो तर तोही घुटमळतो आणि मग दोघं मिळून कागद शोधतात.

१३. मुलाला किंवा नवऱ्याला आणायला पाठवलं तर चालेल का? लोक काय म्हणतील?

लोक काही म्हणत नाहीत, तेही चहापत्ती आणायला आलेले असतात. अडचण वेगळीच होते. "पॅड आण" म्हटलं की पठ्ठ्या फोनवरून विचारतो, "कुठलं?" आणि इकडे आपण हॉलमध्ये पाहुण्यांत बसलेलो. रिकाम्या पाकिटाचा फोटो पाठवा. कोपरखैरणेच्या माझ्या एका क्लायंटचा नववीतला मुलगा असा फोटो दाखवून आणतो. एकदा ते पाकीट नव्हतं तर त्याने दुकानदाराला विचारलं, "मग याच्यासारखं कुठलंय?" दुकानदार लाजला, मुलगा नाही. कागदात गुंडाळण्याबद्दल प्रश्न ११ पाहा, त्याच्याही पाकिटाला पेपर लागलाच.

१४. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पॅड देता येतील का? वाईट दिसेल का?

मी दिलेत, त्यामुळे अनुभवाने सांगते. एका वर्षी प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी पंचवीस पाकिटं आणली, जांभळी नाक्याहून घाऊक भावात. करमुक्त माल, बिलही सुटसुटीत. तिळगूळ झाला, हळदीकुंकू झालं, वाण हातात दिलं आणि हॉलमध्ये अशी शांतता झाली की पंख्याचा आवाज ऐकू यावा. मग एक साठीच्या काकू म्हणाल्या, "मला काय उपयोग, पण सुनेला देते." त्या बोलल्या आणि सगळ्या सुटल्या. कोणाला किती दिवस, कोणाचं काय, गप्पा नऊ वाजेपर्यंत.

रात्री आवरताना चपलांच्या रॅकवर दोन पाकिटं सापडली, पदराखाली आणून ठेवलेली. कोणाची ते मला कळलं, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कामाला येणाऱ्या मावशींनी ती नेली. त्यांना हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही, नवरा गेल्यापासून.

द्यायचं ठरवलंत तर सोबत एखादी छोटी वाटी किंवा तिळाचा लाडू ठेवा, म्हणजे ज्यांना लाज वाटते त्यांना हातात काहीतरी वर धरता येतं.

१५. आमचा बचत गट पॅड बनवतो. जीएसटी नंबर घ्यावाच लागतो का?

फक्त पॅडच बनवून विकत असाल तर नाही. निव्वळ करमुक्त मालाचा धंदा असेल तर उलाढाल कितीही असो, नोंदणीची सक्ती नाही.

गुंतागुंत होते ती गटाने सोबत कापडी पिशव्या, उटणं असं काही सुरू केलं की. मग सगळी उलाढाल एकत्र मोजतात, पॅडची करमुक्त विक्रीसुद्धा धरून. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्यांसाठी मर्यादा वर्षाला ४० लाख आहे. समजा, पॅड ३६ लाखांचे आणि पिशव्या ५ लाखांच्या, एकूण ४१ झाले, नोंदणी आली. पण कर फक्त करपात्र मालावर. हे न समजल्यामुळे एका गटाने पिशव्या शिवायचं बंद केलं होतं. त्यांची एकूण उलाढाल ६ लाखही नव्हती.

यंत्र आणि कच्च्या मालावर भरलेल्या कराचं काय, ते प्रश्न ४मध्ये आहे. थोडक्यात, परत मिळत नाही. पॅडचा भाव ठरवताना तो खर्चात धरा. बऱ्याच गटांचं गणित इथेच चुकतं. यंत्राच्या किमतीत कर धरलेला नसतो आणि मग मोठ्या कंपनीच्या पाकिटाशी भाव जुळत नाही.

नोंदणी असेल तर पॅडसाठी टॅक्स इनव्हॉइस काढायचं नसतं, बिल ऑफ सप्लाय, म्हणजे कर नसलेलं बिल, काढायचं. गिऱ्हाइकाकडे जीएसटी नंबर नसेल तर पॅड आणि पिशव्या एकाच कागदावर देता येतात, त्याचं नाव इनव्हॉइस-कम-बिल ऑफ सप्लाय.

१६. आमच्या सोसायटीत पाच रुपयांचं नाणं टाकून पॅड मिळायचं यंत्र बसवायचं आहे. कर? आणि मीटिंगमध्ये विषय कसा काढू?

यंत्र विकत घेताना त्यावर कर लागेल, त्यातून निघणाऱ्या पॅडवर नाही. पॅड हातातून दिला काय आणि यंत्रातून दिला काय, दर शून्यच.

दुसरा भाग माझ्या कामाचा नाही, पण ऐरोलीच्या एका सोसायटीचे कागद मी पाहिले आहेत म्हणून सांगते. तिथे सेक्रेटरींनी विषयपत्रिकेत "महिलांसाठी सुविधा (इतर)" असं लिहिलं, पाण्याच्या टाकीच्या आणि पार्किंगच्या नंतर. रात्री साडेदहाला तिथवर पोचले तेव्हा खोलीत सात माणसं उरली होती, सहा पुरुष. विषय पुढच्या सभेवर. पुढच्या वेळी एका तरुणीने तो पहिल्या क्रमांकावर लिहायला लावला, सरळ "पॅडचं यंत्र" म्हणून, आणि खर्चाचा कागद सोबत जोडला. आकडा समोर असला की लोक आकड्यावर भांडतात, शब्दावर नाही. अकरा मिनिटांत मंजूर.

हिशेबात मात्र ते अजून "किरकोळ खर्च" म्हणून पडतं. ऑडिटरला वेगळं खातं उघडायला लाज वाटली असावी.

१७. स्वस्त पॅड कुठे मिळतील? घरकाम करणाऱ्या मावशींसाठी विचारते आहे.

जन औषधी केंद्रात 'सुविधा' पॅड एक रुपयाला एक. ऑगस्ट २०१९पासून हा भाव आहे, आधी अडीच रुपये होता. अशी केंद्रं ठाण्यात आणि नवी मुंबईत आहेत. जाण्यापूर्वी फोन करून माल आहे का विचारून घ्या. जिल्ह्याच्या ग्रामीण भागासाठी, म्हणजे शहापूर-मुरबाडकडे, राज्याची अस्मिता योजना ८ मार्च २०१८ला सुरू झाली. तेव्हा जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत मिळायचं, बचत गटांमार्फत.

मावशींना मी आणून देत असे. मग एकदा त्याच म्हणाल्या, "पैसे द्या ताई, मी घेईन. मला बाजूला पंख असलेलं लागतं."

१८. वापरलेल्या पॅडचं काय करायचं? सुका की ओला कचरा?

ओला नक्कीच नाही. आणि फ्लश तर अजिबात नाही. ड्रेनेज तुंबल्यावर प्लंबर जे बाहेर काढतो त्याची लाज कागदाच्या पुडीहून मोठी. २०१६च्या घनकचरा नियमांत कंपनीने पाकिटासोबत वापरलेला पॅड टाकण्यासाठी पुडी द्यायची किंवा पुनर्वापराचं साहित्य शोधायचं, आणि आपण पॅड नीट गुंडाळून द्यायचं, असं होतं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने लाल ठिपक्याची पद्धत सुरू केली. रद्दीच्या कागदात गुंडाळा आणि वर लाल पेनाने गोल करा. वेचणाऱ्या बाईला न उघडता कळतं. खर्च शून्य.

गंमत अशी की मेडिकलमधून मिळालेला तो पेपर इथे खरोखर कामाचा आहे. नवं पाकीट झाकायला नको, वापरलेलं गुंडाळायला हवा. आपण नेमकं उलट करतो.

१९. ऑफिसात महिला दिनाला "पिरियड किट" वाटतो: पॅड, चॉकलेट, अत्तराची बाटली. पॅड असल्यामुळे किट करमुक्त का?

नाही, आणि यात बरेच एचआरवाले फसतात. वेगवेगळ्या वस्तू एका खोक्यात घालून एका किमतीला विकल्या की तो मिश्र पुरवठा होतो आणि ज्या वस्तूवर सर्वांत जास्त दर, तोच सगळ्या खोक्याला लागतो. अत्तर १८ टक्क्यांत, म्हणून पॅडलाही १८. सुटं घेतलं असतं तर पॅडवर शून्य. पुरवठादाराला प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी लावायला सांगा, किंवा अत्तर वगळा. पाळी आणि अत्तराचा संबंध मला तरी अजून कळलेला नाही.

२०. हे सगळं नवऱ्याला पाठवायचं आहे, पण वरचं शीर्षक पाहूनच तो उघडणार नाही. नाव बदलून पीडीएफ देता का?

देते. तिघींनी मागितली म्हणून एक प्रत "जीएसटी दरपत्रक, कोड ९६१९" या नावाने करून ठेवली आहे. आतला एक शब्दही बदललेला नाही. त्यातल्या एकीच्या नवऱ्याचा दुसऱ्या दिवशी फोन आला. त्याने सगळं वाचलं होतं आणि त्याचं म्हणणं, प्रश्न ४मधल्या हिशेबात मी जाहिरातीच्या खर्चावरचा जीएसटी धरलेला नाही; त्याचीही वजावट बुडते, म्हणजे फरक तीन रुपयांहूनही कमी. त्याचं बरोबर आहे.